वहिनीचे एकशे बावन्न

या जगातल्या यच्चयावत माणसांचा बुद्ध्यांक कोणाला तोंडपाठ असेल, तर तो माझ्या वहिनीला. पंतप्रधानांपासून आमच्या ट्रामच्या ड्रायव्हरपर्यंत कोणाचाही आयक्यू ती नुसता चेहरा बघून सांगायची, आणि तोही साधारण, अंदाजे वगैरे नाही, अगदी नेमका. माझा एकशे अठरा. दादाचा, म्हणजे तिच्या सख्ख्या नवऱ्याचा, एकशे बारा, “पण मेहनती आहेत.” हे ‘पण मेहनती आहेत’ ती इतक्या मायेनं म्हणायची की दादाला आपला सत्कार झाल्यासारखं वाटायचं आणि तो आणखी एक पोळी मागून घ्यायचा. तिचा स्वतःचा आयक्यू एकशे बावन्न होता. हा मात्र चेहऱ्यावरून काढलेला नव्हता. त्याला कागद होता.

ती नववीत असताना चिंचवडच्या तिच्या शाळेत मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी प्रात्यक्षिकासाठी आली होती. तिनं वर्गातून ज्या सहा मुली निवडल्या त्यांत वहिनी होती. निकाल टाइप केलेला, खाली गोल शिक्का, कोपऱ्यात चहाचा डाग. वहिनीनं पुढे तो लॅमिनेट करून घेतला, डागासकट. पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि गुणपत्रिकांच्या सोबतीनं तो एका निळ्या फाइलमध्ये राहायचा. दादाच्या नोकरीमागोमाग त्या फाइलनं आधी मस्कत पाहिलं, मग क्वालालंपूर, आणि दोन हजार पाचच्या सुमाराला ती ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्टमध्ये येऊन पोचली. मी वर्षभर आधी येऊन रॉटरडॅमला बंदराच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो, म्हणून गेमेन्टेत, म्हणजे इथल्या पालिकेत, नावं नोंदवायला मीच त्यांना घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी जन्मदाखला मागितला. वहिनीनं दाखल्याखालून तो कागदही पुढे सरकवला. बाईंनी उलटसुलट करून बघितला आणि हा कशासाठी म्हणून विचारलं. “कीप वन कॉपी, मॅडम,” वहिनी म्हणाली, “इट विल बी युजफुल.” बाईंनी हसून कागद परत केला. बाहेर आल्यावर वहिनीनं त्यांना अठ्ठ्याण्णव दिले.

एकदा तिची पाठ धरली. इथल्या डॉक्टरकडे गेल्यावर तिनं आधी आकडा सांगितला आणि मग पाठ दाखवली. आकडा अशासाठी, की डॉक्टरांनी तिच्याशी मोकळेपणानं, सविस्तर बोलावं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पॅरासिटामॉल घ्या, दोन आठवड्यांत बरं नाही वाटलं तर या, एवढंच सांगितलं. वहिनीनं जिना उतरता उतरता त्यांना पंच्याऐंशी दिले. चार दिवसांत पाठ खरोखरच दुखायची थांबली तेव्हा मोठ्या मनानं वाढवून ब्याण्णव केले. सायकल ती छत्तिसाव्या वर्षी शिकली, आणि तीही आधी वहीत. बाणांच्या आकृत्या काढून, वळताना शरीराचा कोन किती असावा याचं गणित मांडून. पहिल्याच दिवशी ती समोरच्या डच आजोबांच्या हायड्रेंजियाच्या झुडपात सरळ आत गेली आणि आतूनच म्हणाली, “भावजी, तोल आणि बुद्धी हे दोन वेगळे विभाग आहेत.” त्या दिवसांत सुडोकूची साथ आली होती. ट्राममध्ये जो तो फुकटच्या पेपरात डोकं घालून चौकोन भरत असायचा. वहिनी पेननं भरायची, पेन्सिल हे तिच्या मते कमी आत्मविश्वासाचं लक्षण. स्वतःचं संपलं की शेजारच्याचं बघायची. एका अनोळखी गृहस्थाच्या खांद्यावरून बोट घालून तिनं “सेव्हन, सेव्हन” म्हटलं होतं ते मी पाहिलेलं आहे. माझी पुतणी अकरा वर्षांची आणि डच शाळेत जाणारी. ती अशा वेळी डोळे मिटून “ममा, डू नॉर्माल” म्हणायची, म्हणजे जरा साध्या माणसासारखं वाग. वहिनीवर याचा काही परिणाम व्हायचा नाही.

तरी तिचा राग कोणाला यायचा नाही. मी दर शनिवारी सकाळच्या गाडीनं रॉटरडॅमहून तिच्याकडे जेवायला जायचो. इथल्या कणकेला चिकटपणा नाही म्हणून तिनं तीन दुकानांतली पिठं वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून अकरा प्रयोग केले होते. त्यातलं नववं प्रमाण ओट्याच्या वर चिकटवलेलं होतं, आणि त्या नवव्या प्रमाणाच्या पोळ्यांसाठी मी आणखी चार स्टेशनं लांब गेलो असतो. अशाच एका शनिवारी माझ्या पानात तिसरी पोळी टाकता टाकता ती म्हणाली, “भावजी, मी एम.एस्सी. करणार.”

दादाचा घास हातातच राहिला. वहिनी सांख्यिकीची बी.एस्सी., पहिल्या वर्गात पास झालेली. निकालानंतर चार महिन्यांत दादाचं स्थळ आलं आणि पुढे चौदा वर्षं सामान बांधण्यात आणि सोडण्यात गेली. आता तिनं युनिव्हर्सिटीचा फॉर्म आणला होता. त्यासोबत दोन पानांचं पत्र द्यायचं होतं, तुम्ही कोण आणि तुम्हाला हे का शिकायचंय. तिनं पत्र लिहूनही ठेवलं होतं. पहिलं वाक्य होतं, ‘आय ॲम अ पर्सन ऑफ आयक्यू वन फिफ्टी टू.’

“हे काढ,” दादा म्हणाला. “इथे असं स्वतःबद्दल लिहीत नाहीत.”

“मग माझ्याबद्दल कोणी लिहायचं? तुम्ही लिहिताय?”

दादानं ताकाचं भांडं तोंडाला लावलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. पुढचे तीन शनिवार त्या घरात दुसरा विषय नव्हता. आकडा पहिल्या वाक्यात असावा, शेवटी असावा, की तळटीप द्यावी. माझं मत विचारलं गेलं. मी एकशे अठरावाला असल्यामुळे ते ऐकून बाजूला ठेवण्यात आलं. शेवटी मी माझ्या ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या डच बाईंना पोह्यांचं आमिष दाखवून बुइटनव्हेल्डर्टला आणलं.

बाईंनी पोहे दोनदा घेतले आणि पत्र एकदा वाचलं. मग म्हणाल्या, “आमच्याकडे कोणी आपण हुशार आहोत असं आधीच सांगून टाकलं, की लोक पुढे वाचतच नाहीत. तुम्ही हुशार आहात हे त्यांना स्वतःला कळू द्या ना.” वहिनीचा चेहरा जरा उतरला. बाईंनी पान उलटलं. “आणि या चौदा वर्षांबद्दल इथे एक अक्षर नाही. काय केलंत तुम्ही?”

“नथिंग,” वहिनी म्हणाली. “हाउसवाइफ.”

बाई गेल्या. दार लागल्यावर मी आकड्याची वाट बघत होतो. वहिनीनं त्यांना आकडा दिलाच नाही. ती भांडी घासायला लागली आणि मी पुसायला उभा राहिलो. भांडी घासता घासता ती माझ्याकडे न बघता बोलली.

“मला माहितीये भावजी, तो कागद कोणी मानत नाही. त्या मुलीला तरी काय येत होतं, तिचीच परीक्षा होती. पण एक तासभर ती माझ्यासमोर बसली होती. मला प्रश्न विचारत होती आणि मी काय म्हणते ते सगळं लिहून घेत होती. त्यानंतर माझं बोलणं कोणी लिहून नाही घेतलं. मीठ कमी का आहे आणि विमान किती वाजता आहे, एवढंच विचारतात मला.”

मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. दर शनिवारी तिच्या हातचं जेवून सोमवारी तिचेच किस्से ऑफिसात सांगून मी लोकांना हसवत होतो. तिला विचारावं असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मी पुसलेलीच ताटली पुन्हा पुसत राहिलो.

पत्र तिनं एका बैठकीत नव्यानं लिहिलं. त्यात चौदा वर्षं होती, तीन देश होते, पिठांचे अकरा प्रयोगही होते, तक्त्यासकट. आकडा नव्हता. दादानं आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला, पण तो जरा लवकरच. कारण सोबत जोडायच्या कागदांचा गठ्ठा टेबलावर आला. पदवी आणि गुणपत्रिका एवढंच मागितलेलं असताना वहिनीनं तेवीस कागद लावले होते. चौथीची स्कॉलरशिप, चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, संस्कृत पाठांतरात उत्तेजनार्थ, टायपिंग मिनिटाला चाळीस शब्द, आणि सतराव्या क्रमांकावर, प्लॅस्टिकमध्ये चकाकणारा तो.

“अगं, ठरलं होतं ना?” दादा म्हणाला.

“पत्रात लिहिलेलं नाही. सोबत जोडलंय. जोडणं म्हणजे सांगणं नव्हे.”

मग प्रश्न निघाला की या सगळ्याच्या प्रती साक्षांकित कोण करणार. बुइटनव्हेल्डर्टमध्ये राजपत्रित अधिकारी मिळेना. शेवटी दादानंच हिरव्या शाईनं तेवीस वेळा ‘ट्रू कॉपी’ लिहून खाली सह्या ठोकल्या. सतराव्याची तर कॉपी काढायचीच राहिली होती, म्हणून त्याच्या प्लॅस्टिकवर सही केली. ती उमटेना, तेव्हा पुन्हा गिरवली. गठ्ठा रजिस्टर पोस्टानं गेला.

पाच आठवड्यांनी, एका शनिवारी, पोस्टमननं जाडजूड लिफाफा आणून दिला. युनिव्हर्सिटीचा शिक्का आणि आत चाचपून कळेल असा तो प्लॅस्टिकचा कडक कागद. मराठी माणसाला असा जाड लिफाफा घरी परत आला की उघडायची गरज नसते. साभार परत. वहिनीनं तो फ्रिजवर ठेवला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. जेवणं झाली, ओटा आवरून झाला, कपड्यांच्या घड्या झाल्या, तरी लिफाफा फ्रिजवरच. दादा स्वयंपाकघराच्या दारात दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता. आयुष्यात त्यानं कधी कोणाला आकडा दिलेला मी ऐकला नव्हता. “त्या सगळ्या कमिटीचा मिळून,” दादा म्हणाला, “पन्नाससुद्धा नसेल.”

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं हात पुसले आणि लिफाफा फोडला. वर एक छोटं पत्र होतं. सोबतच्या बाकीच्या कागदांची आवश्यकता नाही, ते गहाळ होऊ नयेत म्हणून परत पाठवत आहोत, पदवीची आणि गुणपत्रिकांची प्रत ठेवून घेतली आहे. आपल्या चौदा वर्षांविषयी आणि पिठाच्या तक्त्याविषयी अधिक ऐकायला आवडेल. येत्या गुरुवारी अकरा वाजता यावं. वहिनीनं ते दोनदा वाचलं, खुर्चीत बसली आणि पदर नसलेल्या कुडत्याच्या टोकानं डोळे पुसले. दादानं चहा टाकला. त्यात साखर घालायला तो विसरला आणि आम्ही तिघांनीही तो तसाच प्यायलो.

सप्टेंबरात तिचं कॉलेज सुरू झालं. तिच्या वर्गात बावीस-तेवीस वर्षांची मुलं होती आणि ती तिला नावानं हाक मारायची. पहिल्या पेपरात ती काठावर पास झाली, ते तिनं मला स्वतःहून सांगितलं. माणसांना आकडे देणं कधी थांबलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. दिवाळीच्या सुमाराला दादाला सिंगापूरची मोठी जागा चालून आली. त्यानं नाही म्हणून कळवलं आणि तिला ते कित्येक महिने सांगितलंच नाही.

मी शनिवारी जातच होतो. खिचडी दादा करायचा, बरी करायचा. वहिनी आतल्या खोलीत दार लावून अभ्यास करत असायची, आणि आम्ही दोघं भाऊ, तिला त्रास नको म्हणून, हळू आवाजात बोलत जेवायचो. कधी आतून तिचं स्वतःशी पुटपुटणं ऐकू यायचं. तिला हवं होतं ते मिळालं होतं आणि त्याचा मला मनापासून आनंद होता. तरी ती भिंतीपलीकडे बसलेली असताना, पानावर बसल्या बसल्या, मला तिची फार आठवण यायची.