सेरेसचं वाक्य

लातूर जिल्हा नवा झाला आणि आमच्या शाळेच्या अंगात आलं. जिल्ह्याचे मोठे साहेब गावात येणार, शाळा बघणार. विज्ञानाच्या सरांनी मैदानावर फक्कीनं वर्तुळं आखली. सूर्य, ग्रह, सगळी पोरंच. अडत दुकानदाराचा पोरगा गुरू झाला, सरपंचाच्या घरातला मंगळ. त्या दोघांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात उभं कोणाला केलं? आम्हाला, बौद्ध वस्तीतल्या पोरापोरींना. "तुम्ही नुसतं पळत राहायचं," सर म्हणले. आज आठवलं तरी माझं डोकं तापतं.

मी पुस्तक उघडून भांडले. पट्ट्यातला सगळ्यात मोठा लघुग्रह सेरेस, धान्याच्या देवीचं नाव त्याला. म्हणलं, मी सेरेस होते, मला एक वाक्य द्या. कटकट मिटावी म्हणून सर बरं म्हणले. वर हुकूम सोडला, सगळ्यांनी घरून घागरभर पाणी आणायचं. कशाला? तर साहेबाच्या पँटीला धूळ लागू नये म्हणून मैदानावर सडा! माणसं टँकरमागं पळायलीत आणि ह्यांना सडा सुचतोय. मुडदा बसवला त्या सड्याचा!

आई लई चिडली. ते पाणी तिनं उन्हातान्हात लांबच्या मळ्यातून डोक्यावर आणलं होतं. "तुला बोलू देणार असतील तरच ने," म्हणली. मी घागर नेली. सरांनी ती मैदानावर रिकामी केली आणि मग म्हणले, "वाक्य राहू दे गं. दगडं कुठं बोलतात का?"

साहेब आले. गुरू बोलला, मंगळ बोलला, अडखळत अडखळत. आम्ही आपलं पळत राहिलो. "आणि ही लेकरं?" साहेबांनी विचारलं.

"ते किरकोळ दगड, साहेब," सर दात काढून म्हणले.

साहेब जीपकडं वळले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी जागेवर थांबले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "मी सेरेस! मला आधी ग्रह म्हणायचे, मग ग्रहांतून काढून टाकलं. पण मी अजून सूर्याभोवतीच फिरते!"

साहेबांनी मागं बघून मान डोलावली आणि गेले. जीप फाटकाबाहेर पडते न पडते तोच सरांनी माझ्या कानाखाली जाळ काढला. "कुणी सांगितलं होतं तुला बोलायला?"

"आईनं," मी म्हणले. "पाणी तिचं होतं."