तीन बदाम आणि ‘एक जान दे’

किस्से ठरवून जमवता येत नाहीत. आमच्याकडे ते एका टी-शर्टामुळे जमत गेले. आता आमच्यापैकी कुणी तो घालून घराबाहेर पडलं, की बाकीचे दोघं फोन हातात घेऊन वाट बघत बसतात.

आम्ही म्हणजे मी, संतोष आणि सलीम. काचीगुड्याच्या एकाच गल्लीत वाढलो, तेही बहुतेक संतोषच्या घरी, व्हिडिओ गेमसमोर. कॅसेटवर जोरदार फुंकर मारायची, गेमच्या डब्यात खोचायची आणि दोघांनी मिळून शत्रूवर तुटून पडायचं. प्रत्येकाला तीन जान! आपल्या संपल्या की जोडीदाराकडे बघून ओरडायचं, “एक जान दे!” त्याने हो म्हटलं आणि आपण बटण दाबलं, की त्याची एक आपल्याला मिळायची. सलीम कधी हो म्हणायचा नाही. संतोष मात्र मागायच्या आधीच देऊन टाकायचा, आणि मग स्वतः मरून गप्प बसायचा.

हल्लीच आम्ही तिघांनी सारखे टी-शर्ट छापून घेतले. पांढऱ्यावर चौकोनी ठिपक्यांचे तीन लाल बदाम, खाली मोठ्या अक्षरांत ‘एक जान दे’. तो हातात आला तेव्हा मी वय विसरून दुकानातच उड्या मारल्या. इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता!

*

पहिल्याच शुक्रवारी मी तो ऑफिसात घालून गेले. लिफ्टमध्ये आमच्या मॅनेजर मॅडम भेटल्या. त्या पुण्याहून नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी टी-शर्ट वाचला, परत वाचला, आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “विचार फार सुंदर आहे गं. फक्त ‘जाण’मधला ण बाणातला हवा.”

मी मान डोलावली. तेव्हापासून समाजकार्याची प्रत्येक मेल मला येते.

*

सलीमला तारनाक्याच्या सिग्नलवर हवालदाराने अडवलं. अंगात टी-शर्ट, डोक्यावर हेल्मेट नाही. सलीमने नेहमीप्रमाणे घर इथेच आहे, आत्ताच निघालोय, वगैरे सुरू केलं. हवालदार त्याच्या छातीवरची अक्षरं वाचत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, “जान एकीच रहती, मियाँ. हेल्मेट पेनो.”

सलीम गाडी ढकलत घरी गेला आणि हेल्मेट घालून आला. हा किस्सा तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतो.

*

संतोषच्या बाबांना आम्ही काका म्हणतो. गेमबद्दल काकांचं एकच म्हणणं होतं, की त्याने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते. परीक्षा जवळ आली की ते गेमचा अडॅप्टर आपल्या डब्याच्या पिशवीत टाकून ऑफिसला घेऊन जायचे. अडॅप्टर नाही तर गेमला वीज नाही, विषय संपला.

एकदा घाईत डबा ओट्यावरच राहिला. दुपारी काकांनी चारचौघांत पिशवी उघडली, तर आत नुसता अडॅप्टर. सोबतच्यांनी विचारलं, वहिनींनी आज हे काय दिलंय?

“पथ्य आहे,” काका म्हणाले.

दहावीच्या वर्षी त्यांनी अडॅप्टर नेला तो परत दिलाच नाही. आम्हीही पुढे मागितला नाही.

*

या सगळ्यात संतोषच्या लग्नाची काळजी मात्र खरी होती. मुलगा सोन्यासारखा, पण मुलीसमोर बसवला की तोंडच उघडत नाही. मग तिकडून निरोप यायचा, मुलाच्या मनात नाही असं दिसतंय. काकू रडवेल्या व्हायच्या. मला जास्तच वाईट वाटायचं, कारण त्याच्या मनात होतं. त्याने मला तसं सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात अंबरपेठची स्वाती आईवडिलांबरोबर त्यांचं घर बघायला आली. काकूंनी मला पोह्यांच्या मदतीला बोलावलं होतं. संतोषला त्यांनी पातळ पांढरा शर्ट घालायला लावला. ऐन वेळी बनियन सापडेना, म्हणून त्याने आत तो टी-शर्ट चढवला. आतले तिन्ही बदाम बाहेर लख्ख दिसत होते!

संतोष नेहमीसारखा जमिनीकडे बघत बसला. स्वाती घरात मराठी बोलते, पण वाचते जेमतेम. ती त्याच्या छातीवरची अक्षरं मनातल्या मनात जुळवत बसली होती. जुळली तशी ताडकन उठली.

“गेम किधर है?”

आतल्या खोलीत जुना जाडजूड टीव्ही होता, गेमचा डबा होता, कॅसेट होती. अडॅप्टर नव्हता. संतोषचा चेहरा पडला. आता हेही गेलं, असं मला वाटलं. तेवढ्यात काका उठले, कपाटातून जुनी डब्याची पिशवी काढली आणि अडॅप्टर त्याच्या हातावर ठेवला.

दोघं आत गेले, दार अर्धं लोटलं. बाहेर आम्ही पोहे चिवडत बसलो. फुंकर ऐकू आली, गेमची धून वाजली, आणि नंतर बोलण्याचा काही आवाजच नाही. स्वातीच्या वडिलांनी घड्याळ बघितलं. काकूंनी माझा हात घट्ट धरला.

आणि आतून स्वाती ओरडली, “अरे, ऐसा नक्को मरो! मेरी जान लेलो!”

स्वातीच्या वडिलांचा चमचा तोंडापाशीच थांबला. पाठोपाठ संतोषचा आवाज आला. इतक्या मोठ्याने तो उभ्या जन्मात बोलला नव्हता.

“नको! तूच माझी घे!”

स्वातीच्या आईने पदर तोंडाला लावला. काकांनी बशी शांतपणे खाली ठेवली.

“आता पिक्चर ट्यूब गेली तरी चालेल,” ते म्हणाले.