दसऱ्यालाच पाहिलेलं गाव

नागपूर स्टेशनवर बाबांनी माझं सामान तीनदा मोजलं. ट्रंक, होल्डॉल, पाण्याची सुरई. मी यादी करूनच निघाले होते, तरी मोजू दिलं. गाडी हलली तशी ते खिडकीबरोबर चार पावलं चालले. "जयभीम. पोचल्यावर पत्र टाक. आणि साहेबासमोर मान खाली घालून बोलू नको." नव्वदीची सुरुवात होती. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावातून सरकारी नोकरीसाठी लखनौला जाणारी मी पहिलीच मुलगी.

लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत एक खोली मिळाली. "भैया, सब्जी ताज़ी है न?" करत महिन्याभरात रुळलेही. काम होतं उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करण्याचं : कुठली हिरवळ बारमाही, कुठली हंगामी. त्या चित्रांत झाडं आणि पिकं लाल दिसतात. तो लाल भाग ट्रेसिंग पेपरवर उतरवायचा आणि मग जागेवर जाऊन पडताळायचा.

पहिल्याच वर्षी फसले. ऑक्टोबरच्या चित्रात लखनौबाहेरच्या बख्शी का तालाबकडचा एक मोठा लाल पट्टा मी आमराई समजून बारमाहीत टाकला. मे महिन्यात जीपने गेलो, तर तिथे नुसती ढेकळं. शेतकरी म्हणाला, "बाग कहाँ, बिटिया? अरहर थी, कब की कट गई." तुरीच्या मुलखातली मी, आणि तूरच ओळखली नाही! माझे सीनियर मिश्राजी परतताना हसून म्हणाले, "मैडम, अक्टूबर में तो पूरा यूपी जंगल लगता है. मई में जो बचे, वही लिखिए." ते मी वहीत लिहून ठेवलं. पुढे नव्यांना मीच शिकवायला लागले, एका ऋतूचं चित्र पाहून काही ठरवायचं नाही.

रजा मात्र मी दरवर्षी दसऱ्यालाच घ्यायची. बाबांबरोबर दीक्षाभूमीवर जायचं, चार दिवस गावी राहायचं, परत फिरायचं. तेव्हा धानाच्या बांध्या हिरव्यागार, घराभोवती सागवान गच्च. दीक्षाभूमीच्या गर्दीत बाबा माझ्यापुढे चालायचे. लखनौला आल्यावर मी वहीत लिहायची : बाबा, प्रकृती उत्तम.

सहाव्या वर्षी एप्रिलात ऑफिसात ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, बाबांजवळ राहणारी.

"बाबांना दोन पावलं टाकली की दम लागते. तू ये."

"अगं, दसऱ्याला तर चांगले होते."

"दसऱ्याले चांगलेच राह्यते ते. दर उन्हाळ्यात असंच होते, पण पत्रात सगळं ठीक आहे असंच लिहाले लावते. तू कधी उन्हाळ्यात पाह्यलं त्यायले?"

मी तिला समजावलं, पडताळणी मे महिन्यातच होते, ती संपली की जूनच्या पहिल्या आठवड्यात येते, बाबांना इकडे आणून मोठ्या डॉक्टरांना दाखवू. कामं लिहून काढली : तिकिटं, डॉक्टरांची वेळ, खोलीत कूलर. एकेक करून सगळी उरकली. बाबा मेच्या शेवटच्या आठवड्यात गेले.

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात आले आणि गाव ओळखूच येईना. सागवानाला एक पान नव्हतं. दसऱ्याला जिथे हिरवी भिंत असायची, तिथून आता थेट पलीकडच्या सडकेवरचा बसथांबा दिसत होता. बाबांची बाज त्याच बाजूला तोंड करून टाकलेली होती.

"उन्हाळ्यातच दिसते इथून," ताई म्हणाली. "दुपारची बस आली की उठून बसत. म्हणत, पोरगी एखाद वेळी न कळवताच येईल."

पाच उन्हाळे. सहावा अर्धा.

आता लखनौतच, विकास नगरमध्ये आमचं स्वतःचं घर आहे. मुलीला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. "मम्मी, मई में वहाँ कौन जाता है?" मी जाते. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे सणावारालाच गावी जातात, त्यांनी एकदा भलत्या वेळी जाऊन पाहावं. आणि जे तिथेच राहिले, त्यांनी आम्हाला सगळं ठीक आहे असं लिहू नये.

घर म्हणजे मला आता तेच उघडंबोडकं अंगण. मी तिथे बसते. दुपारची बस येते, कुणी तरी उतरतं. थांबा बराच लांब आहे, चेहरा ओळखू येत नाही. उतरणारा आमच्या घराच्या वाटेला वळतो की नाही, एवढं कळेपर्यंत बसून राहावं लागतं.