पंपघरात पडलेला दात

टेकडीवरच्या पंपघरात गेली वीसेक वर्षे नोकरी करणाऱ्या या पंपचालकाला खात्यातले लोक ‘कुलूप’ म्हणत. एकदा पाळीवर आला, की पुढचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याखेरीज त्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. खात्याचा नियमच तसा होता: चार्ज समोरासमोर द्यायचा, चालू पंप सोडून हलायचे नाही. ज्या साहेबांनी हा नियम केला, ते स्वतः दुपारी जेवायला घरी जात आणि बहुधा परत येत नसत. पण नियम पाळायला कुणीतरी खालचा माणूस लागतो, आणि ती व्यवस्था खात्याने चोख ठेवली होती. सख्ख्या भावाच्या लग्नात कुलूप पोहोचला, तेव्हा मांडववाले खुर्च्या गोळा करत होते.

त्याची दुसरी ख्याती स्वच्छतेची. लोकांच्या पोटात जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन मिसळणे हे त्याचे रोजचे काम; त्यामुळे जगातली कुठलीही घाण क्लोरीनच्या पाण्याने जाते, अशी त्याची पक्की धारणा होऊन बसली होती. चहाचा कप, कंगवा, पाहुण्यांनी मुलीला दिलेली खेळणी, सगळे त्या उग्र वासाच्या पाण्यातून निघे. बायको म्हणायची, “आता मला तेवढं बुडवायचं राहिलंय. सांगा, कधी येऊ?”

त्या रविवारी ती आजारी आईपाशी माहेरी गेली होती. घरी दुसरे कुणी नाही, म्हणून आठ वर्षांची धाकटी मुलगी सकाळपासून बापाबरोबर पंपघरात होती. तिने चित्रे काढली, पंपाच्या घरघरीत गाणी म्हटली, आणि दुपारी कंटाळून लोखंडी जिना चढण्या-उतरण्याचा खेळ काढला. शेवटच्या पायऱ्यांवर पाय सटकला, आणि तिचे तोंड सरळ व्हॉल्व्हच्या चाकावर आपटले.

कुलपाने तिला उचलले, तेव्हा ओठातून रक्त येत होते आणि वरचा पुढचा दात जागेवर नव्हता. तो सापडला जिन्याखाली, तेलकट फरशीवर. मुळासकट अखंड निघालेला. इतका लांब दात तिच्या इवल्या तोंडात होता, यावर त्याचा क्षणभर विश्वास बसेना.

मग त्याने जे केले, ते त्याच्यासारख्यानेच करावे. दाताच्या मुळाला चिकटलेले रक्त आणि तेल त्याने रुमालाने घासघासून काढले, मूळ पांढरेशुभ्र केले, आणि कपात क्लोरीनचे पाणी घेऊन, नेहमीपेक्षा थोडे कडकच, त्यात तो दात सोडला. इतक्या गोंधळातही आपण एक गोष्ट नीट केली, असे त्याला वाटले.

मुलीच्या ओठावर ओला कपडा दाबून धरत त्याने फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या दवाखान्याचा फोन वाजून वाजून थांबला. सरकारी रुग्णालयातला माणूस म्हणाला, “दातांचा विभाग रविवारी बंद. अपघात विभागात आणा, ओठाला टाके घालतील.”

“आणि दात?”

“दात त्यांच्याकडे येत नाही. उद्या सकाळी या.”

तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी गोड आवाजात वय विचारले आणि आठ म्हटल्याबरोबर निकाल देऊन टाकला. “मग दुधाचा असेल. काळजी करू नका, परत येईल.”

“अहो बाई, दुधाचा पडून वर्ष झालं. हा नंतरचा आहे.”

“तरी सोमवारचा नंबर लावून ठेवू का?”

रविवारी कुणाचे दात पडत नाहीत, अशी या गावच्या वैद्यकशास्त्राची समजूत असावी. शेवटी एका दंतवैद्य बाईंनी स्वतः फोन उचलला. त्यांचे घर दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर होते. त्यांनी वय विचारले नाही, नंबर विचारला नाही.

“दात कुठंय?”

“माझ्याजवळ आहे.”

“मुळाला हात लावू नका, घासू तर मुळीच नका. त्यावरचं नाजूक आवरण जिवंत राहिलं तरच दात पुन्हा धरतो. दुधात ठेवा आणि लगेच निघा. तासाभराच्या आत बसवला तर आशा असते. येताय ना?”

“येतो,” कुलूप म्हणाला. त्याने दात घाईने कपातून काढला. चहासाठी ठेवलेले दूध त्याने डब्यात ओतले आणि दात त्यात टाकला. क्लोरीनचे पाणी बाईंना सांगायचे त्याच्या जिभेवर आले होते, पण तिथेच राहिले.

आता निघायचे कसे? पुढच्या पाळीच्या माणसाला, ज्याला सगळे ‘पोहोचतोच’ म्हणत, त्याने फोन केला.

“दादा, पोहोचतोच.”

“आहेस कुठे?”

“निघालोच म्हणा ना.” मागे दूरदर्शनवरच्या सामन्याचा कल्ला स्वच्छ ऐकू येत होता.

मग अभियंतासाहेबांना फोन. त्यांनी सगळे ऐकून घेतले. ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. “वाईट झालं हो. पण खालच्या वस्तीला आज तीन दिवसांनी पाणी सोडलंय. पंप बंद केलात तर उद्या मोर्चा माझ्या दारात. मुलीला रिक्षात बसवून द्या ना पाठवून.”

“साहेब, आठ वर्षांची आहे.”

“मग थोडं थांबा. चार्ज मात्र सोडू नका. आणि हे मी तुम्हाला सांगितलं, असं कुठे बोलू नका.”

कुलूप खुर्चीत बसला. उठला. दारापर्यंत गेला, रस्ता पाहिला, परत आला. चार भिंती, एक पंप आणि बाहेर उतरत जाणारा रिकामा रस्ता. आयुष्यभर ज्या खोलीत त्याला सुरक्षित वाटले, तिच्यात त्याचा जीव घुसमटू लागला. पंप बंद करायचे लाल बटण हाताच्या अंतरावर होते. त्याने हात पुढे केला, आणि खालच्या वस्तीतल्या नळांखाली लावलेल्या हंड्यांच्या रांगा डोळ्यांपुढे आल्या. हात परत आला.

“बाबा,” धाकटी सुजलेल्या ओठांनी म्हणाली, “तो काका आलाच नाही तर?”

“येईल गं.”

“तुम्ही मघाशीपण असंच म्हणालात.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती डब्यातल्या दुधात दात दिसतो का, ते वाकून पाहत होती. कुलपाने पुन्हा फोन लावला. “पोहोचतोच,” असे म्हणून फोन ठेवला गेला.

आता त्याला ठरवावे लागले. वीस वर्षांत त्याने काही ठरवलेच नव्हते; नियम ठरवत आला होता. त्याने लाल बटण दाबले. घरघर थांबली, आणि त्या शांततेत मुलगी दचकली. दाराला कुलूप घालून, एका हातात डबा आणि दुसऱ्या हाताने तिला धरून तो टेकडी उतरला. खाली रिक्षा मिळेपर्यंत बराच वेळ गेला. तास केव्हाच उलटून गेला होता.

दंतवैद्य बाईंचा मदतनीस सुट्टीवर होता. त्यांनी मुलीला खुर्चीत बसवले, दिवा तोंडावर ओढला, चिमट्याने दात उचलून उजेडात धरला, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हा कशाने घासला?”

खोटे बोलायला जागा होती. रिक्षावाल्याने घासला, शेजारणीने घासला, काहीही चालले असते.

“मी. रुमालाने,” कुलूप म्हणाला. “आणि दुधाच्या आधी क्लोरीनच्या पाण्यात ठेवला होता. कडक.”

“क्लोरीन? कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही. माझं कामच ते आहे.”

बाईंनी दात सलाईनच्या वाटीत ठेवला. त्यांनी हिरडी बधिर केली, जागा धुतली आणि दात हलकेच आत सरकवला. “हातमोजा घाला. इथे बोट ठेवा. शेजारच्या दातांना तार चिकटवेपर्यंत हलवायचं नाही.”

त्याने बोट ठेवले. त्याच्या बोटाखाली तो दात अगदी जिवंत वाटत होता.

“स्पष्ट सांगते,” काम करता करता बाई हळू आवाजात म्हणाल्या. “आवरण गेलंय. दात राहील, पण हाड त्याला हळूहळू खात जाईल. काही वर्षं मिळतील. तोवर ती मोठी होईल, मग दुसरं काहीतरी बघू. वेळेवर आणि नुसता दुधात आणला असता, तर...” पुढचे त्यांनी गिळले.

कुलपाच्या खिशातला फोन वाजू लागला. थांबला, पुन्हा वाजू लागला. साहेबच असणार, वस्तीचे नळ एव्हाना कोरडे पडले असतील.

“घ्यायचाय का?” बाईंनी विचारले.

“नको. हललं तर?”

धाकटी उघड्या तोंडाने, डोळे वर करून त्याच्याकडे पाहत होती. तिने सगळे ऐकले होते की नाही, हे त्या डोळ्यांवरून कळत नव्हते. बोट दातावर, फोन खिशात, आणि तिच्या नजरेतून कुठेही निघून जायला वाट नव्हती. संध्याकाळी तिने विचारले, तर तिला खरे सांगायचे, एवढे त्याने ठरवले. हे आज त्याने ठरवलेले दुसरे काम होते, आणि पहिल्यापेक्षा अवघड. फोन वाजत राहिला.