गार माठातला समुद्र

आमच्या कॉलेजातला डेमॉन्स्ट्रेटर देवमन खंडारे अमरावतीत बसून समुद्री गोगलगायींवर संशोधन करायचा. समुद्र त्याने एकदाच पाहिला होता, रत्नागिरीला, तोही ओहोटीच्या वेळी. पण खूळ एकदा डोक्यात शिरलं की वऱ्हाडी माणसाला भूगोल आडवा येत नाही.

त्याने वाचलं होतं, की जहाजांना चिकटून एक शिकारी गोगलगाय परक्या समुद्रात शिरली आणि तिने तिथले शिंपले फस्त केले. तिच्या कोकणातल्या चुलतबहिणीची पिवळी अंडी त्याने एकसष्ट साली समुद्राच्या पाण्यासकट डब्यातून आणली. "अंड्यातून निघालं की पोट्टं पक्कं शाकाहारी," तो मला सांगायचा. "पान्यात तरंगते, बारीक शेवाळ खाते. मंग बुडाशी बसते, पाय फुटते, अन् शेजाऱ्याचीच शिंपली उघडून त्याले खाते. असं काहून होते, तेच मले पाहायचं आहे."

मी म्हटलं, आपल्या कॉलेजच्या कमिटीकडे बघ, फुकटात कळेल.

उन्हाळ्यात पिल्लं पटापट मेली. उरलीसुरली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी, त्याने राजापेठेतल्या घरी एका लहान माठात त्याच खाऱ्या पाण्यात ठेवली. माठ सावलीत, भोवती ओलं पोतं, तोंडावर धुतलेलं पांढरं फडकं. नागपूरचे प्राध्यापक भगवंतराव ती जिवंत पाहणार आणि मगच त्याला डॉक्टरेटसाठी घेणार होते.

भगवंतराव समतेवर फार सुंदर बोलत. देवमनसारख्या बौद्धांच्या घरी गेले की मात्र "आत्ताच पाणी पिऊन निघालो" म्हणत. त्यांची तहान नेहमी एक घर आधीच भागलेली असे.

ते यायच्या आदल्या संध्याकाळी देवमनची आई केशरबाई परतवाड्याकडच्या खेड्यातून आली. त्या माठाला घरात कुणी हात लावत नाही, हे तिने पाहिलं. पाहुण्याचं पाणी असंच जपतात, असं तिने धरलं. दुसऱ्या दिवशी भगवंतराव नि मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो, देवमन बिस्किटं आणायला चौकात गेला होता. केशरबाई आतून पेला भरून आली.

"आमच्या घरचं पानी घ्यान न साहेब?"

भगवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. साक्षीदार समोर असल्याने आज तहान नाकारता येईना. पहिल्या घोटाला त्यांचे डोळे पांढरे झाले. थुंकलं तर काय अर्थ निघेल, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटून पेला रिकामा केला. केशरबाई हरखली.

"आनखी घ्या, लाजू नका." दुसराही गेला. उरलेलं पाणी तिने मोठ्या प्रेमाने त्यांच्या हातापायांवर ओतलं. "गोड हाये न पानी?"

"गोड आहे," भगवंतराव कसेबसे म्हणाले.

देवमन परतला तेव्हा मोरीपाशी माठ पालथा होता, शेजारी पांढरं फडकं. तेव्हा कुठे मला उलगडा झाला. समोर भगवंतराव ढेकर दाबत होते.

"काहून रे, असा काहून पाहून राहिला?" केशरबाई म्हणाली. "साहेब आपल्या घरचं पानी पेले! आज तुहा बाप पाह्यजे होता."

"हो माय," देवमन म्हणाला.

भगवंतरावांनी रुमालाने तोंड पुसलं. "खंडारे, दाखवा तुमची पिल्लं."

"मेली सर. उन्हानं."

संशोधन तिथेच संपलं. भगवंतराव पुढे प्रत्येक भाषणात ते दोन पेले सांगू लागले, चव वगळून. मी चिडून देवमनला म्हणालो, अजूनही खरं सांगून टाक, ते तुला घेतील.

"अन् मायले काय सांगू? साहेब गोड म्हनले, ते खोटं होतं?"

केशरबाईने तो पेला घासून फळीवर एकटाच ठेवला होता. गावच्या चहाच्या दुकानात तिच्यासाठी वेगळी कपबशी असायची, बाहेर खिळ्याला टांगलेली. हा पेला तिने स्वतः वेगळा काढला होता, मानाने. आम्हाला कुणालाच त्यातून पाणी मिळत नसे. देवमन रोज त्या फळीखाली जेवायला बसायचा.