ऑपेरा हाउसातला नारळ

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे मी लिहायला बसणं हा कुणाला आगाऊपणा वाटला, तर माफ करावं. मला नीट जमेल असंही नाही. पण ती सकाळ मनातून जात नाही.

सिव्हिल लाइन्सच्या बाजूला एक जुनं नाट्यगृह आहे. गोऱ्या साहेबांच्या ऑपेरासाठी बांधलेलं, म्हणून लोक अजून त्याला ऑपेरा हाउसच म्हणतात. डागडुजीनंतर ते उघडलं, तेव्हा रविवारी पाहुण्यांना फिरवून माहिती द्यायला कॉलेजची मुलं हवी होती. मला ते काम मनापासून हवं होतं. निवडीची रीत साधी होती. आपल्या घरच्यांना आणायचं, त्यांना सगळं दाखवायचं आणि तिथले व्यवस्थापक सर मागून ऐकत येणार.

रामटेकजवळच्या आमच्या गावाहून आई, बाबा आणि आत्या आले. आत शिरताच आत्यानं मान वर केली.

"अवो माय! एवढं मोठं झुंबर! याले पुसते कोण?"

"तुम्हीच चढा बाई शिडीवर," आई म्हणाली.

सरही हसले. माझी भीती गेली. सज्जे, सागवानी कठडे, साहेबांच्या खास बैठका, सगळं पाठ केल्याप्रमाणे सांगितलं. मग आम्ही रंगमंचापाशी आलो.

बाबा गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटकात काम करतात. तिथं कुणी पहिल्यांदा रंगमंचावर चढणार असेल, तर त्याच्या नावानं घरचे नारळ फोडतात. बाबांनी चपला काढल्या, फळीला हात लावून कपाळाला लावला, आत्याच्या थैलीतून नारळ घेतला आणि दगडी कडेवर फोडला.

पाणी नव्या लाल गालिच्यावर उडालं. नाट्यगृह बघायला आलेले इतर पाहुणेही मागे उभे होते, त्यांतून कुणी ओरडलं, "वा, प्रसाद भी मिलेगा क्या?" सगळे हसले. कुणी मोबाइल काढला.

"बाबा, काय करून राहिले तुम्ही हे!"

"काहून? पोट्टा पहिल्यांदा उभा राहून राहिला इथं. तसाच उभा करू का तुले?"

सर पुढे आले. रागावले नाहीत. "हे काय आहे, सगळ्यांना सांगता का?" त्यांनी मला विचारलं. माझे कान तापले होते. "सॉरी सर," म्हणत मी गुडघ्यावर बसून रुमालानं गालिचा पुसू लागलो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "चुकून झालं, सर."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी खोबऱ्याचे तुकडे गोळा केले.

बाहेर फाटकापाशी आत्यानं तुकडा पुढे केला. "घे नं गा साहेब, खोबऱ्यानं शर्ट मळत नाही." मी घेतला नाही.

पुढे कित्येक दिवस आई फोनवर विचारायची, "झालं का गा तुझं काम?" मी मनात त्या नारळाला शिव्या द्यायचो.

शेवटी आमच्या विभागातल्या मॅडमनी व्हरांड्यात थांबवून सांगितलं, की माझी निवड झाली नाही.

"त्या नारळामुळे ना, मॅडम?"

"नाही रे. गालिचा धुता येतो म्हणाले ते सर. त्यांना सांगणारा मुलगा हवा होता. तुला त्यांनी दोनदा विचारलं. तो नारळ कशाचा, एवढं सांगितलं असतंस, तर तिथंच निवडणार होते."