राक्षस मामाचं कोहळं

राक्षस मामाचा राग नाकावर नव्हता, हातात होता. रंगाचा डबा, कुंचा, शिडीची तुटकी पायरी, जे हाताला लागेल ते तो फेकायचा. आमच्या गल्लीतल्या शिकवणीवाल्या सरांनी एकदा भिंतीवरून बोट फिरवून ‘दुसरा हात नीट बसला नाही’ एवढंच म्हटलं, तर चुन्याची भरली बादली त्यांच्या स्कूटरवर गेली. सर पांढरे, स्कूटर पांढरी. ‘आता पाहा बसला का,’ म्हणून मामा घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी सर स्वतः त्याला बोलवायला गेले, कारण अर्धी भिंत उरली होती आणि दसरा तोंडावर आला होता.

अकोल्यात मोर्णेच्या काठाला आमची गल्ली. पितृपक्ष संपत आला की घरोघरी उपसाउपशी सुरू व्हायची. गाद्या-गोधड्या उन्हात, पितळेची भांडी अंगणात, बाप्ये घराबाहेर. मग मामा शिडी घेऊन यायचा. चुना त्याचा पोटापुरता धंदा होता. त्याचं खरं काम चुना झाल्यावर सुरू व्हायचं. प्रत्येक घराच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून टांगायच्या कोहळ्यावर तो राक्षसाचं तोंड काढून द्यायचा. त्यावरून त्याला राक्षस मामा म्हणत. त्याचं खरं नाव मला तो गेल्यावर कळलं.

आमच्याकडे लाल भोपळ्यालाही कोहळंच म्हणतात. लाल ते खायचं, भुरं ते टांगायचं. मामा भुऱ्या कोहळ्यावरची पांढरी भुकटी ओल्या फडक्यानं पुसायचा, कोळशानं डोळे-दात आखायचा आणि मग चाकूच्या टोकानं त्या रेघा कोरायचा. चाकू मात्र कातडीतच फिरायचा. आत गर लागला की कोहळं सडतं, कातडीवर निभावलं तर वर्षभर टिकतं. मग रेघांत काजळ, जिभेला गेरू, सुळ्यांना चुना. कोरताना त्याचे दात आवळलेले असायचे. आम्ही पोरं लांब उभं राहायचो, कारण चाकू हातात असतानाही तो फेकाफेकीचा माणूस होता.

कोहळं हातात घेण्याआधी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून चहा मागायचा. चहा बराच वेळ चालायचा. घरातलं कोण कोणाशी कसं बोलतं, कोण आलं की कोण गप्प होतं, हे सगळं तो खाली मान घालून ऐकत असायचा. त्यामुळे सरांच्या दारावरच्या राक्षसाला चष्मा आला. कोपऱ्यावरच्या घरातल्या राक्षसाला सासूबाईंचं नाक आलं आणि नाकात नथही. गल्ली खूष असायची, फक्त ज्याचं तोंड निघालं असे तो सोडून. मी एकदा त्याला विचारलं, मामा, राक्षस तर बाहेरून येतो ना? त्यानं कुंचा झटकला. ‘बाहेरून येते हे कोनं सांगतलं तुले? राक्षस घरातच जेवते.’

आमच्या घरात जेवत होता, हे मला सांगायची गरज नव्हती. माझे बाबा अडत दुकानात काट्यावर वजन करायचे. बाजारात त्यांच्याइतका मऊ बोलणारा माणूस नव्हता, शेतकऱ्यांना ‘दादा, बसा, पानी घ्या.’ घरी आले की पट्टा निघायचा. भाजीत मीठ जास्त, मीठ कमी, आईच्या माहेरचं, अंजनगावचं कोणी येऊन गेलेलं, काहीही पुरायचं. मी तेव्हा सातवीत होते आणि बाजारातल्या एखाद्या ट्रकनं बाबांना उडवावं असं मला मनापासून वाटायचं. आजही त्या वाटण्याची लाज वाटत नाही.

बाईनं अख्ख्या कोहळ्यावर पहिला घाव घालू नये, तो पुरुषानं घालावा, अशी आमच्याकडे रीत. दसऱ्याला तळायच्या गोड बोंडांसाठी आई लाल कोहळं पाटावर ठेवायची आणि बाबा यायची वाट पाहत बसायची. आदल्या रात्री ज्या हातानं तिला मारलं तोच हात येऊन कोयता चालवायचा, मग ती पुढचं चिरायची. मला त्या कोहळ्याचा आवाज सहन होत नसे.

त्या वर्षी मामाला आईनं चहा डाव्या हातानं दिला. उजवं मनगट सुजून काळंनिळं झालं होतं, पदर घेऊनही झाकलं जात नव्हतं. मामानं विचारलं, काय झालं. आई म्हणाली, मोरीत पाय घसरला. मामानं मान हलवली, चहा तसाच ठेवला आणि कोहळं मांडीत घेतलं. मी समोर उभी होते. आधी मिशी आली. मग जाड भुवया. मग डाव्या भुवईखाली त्यानं चाकूच्या टोकानं एक बारीक ठिपका कोरून काजळ भरलं, तेव्हा मी ओळखलं. तो बाबांचा तीळ होता. आईनंही पाहिलं. मामा शिडीवर चढला तेव्हा तिनं डाव्या हातानं शिडी धरली.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा सरांसकट अर्धी गल्ली ओट्यांवर बसली होती. बाबा दाराशी थांबले, वर पाहिलं. कोणीतरी फिसकन हसलं. बाबांनी कोहळ्याकडे हात नेला आणि तिथंच थांबले. टांगलेलं कोहळं वर्षाच्या आत हातानं उतरवलं तर घरधन्यावर उलटतं म्हणतात, आणि मांजर आडवं गेलं तर बाबा दुकानाला दांडी मारायचे. त्यांनी हात खाली घेतला, आमच्या चुलीजवळचं जाड लाकूड उचललं आणि मामाच्या घराकडे निघाले. मी मागे धावले.

मामा ओट्यावर कुंचे धूत होता. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. रक्त आणि दात एकदमच पडले. त्याच्या पायाशी रंगानं भरलेली बादली होती, बाजूला चाकू होता. मला वाटलं, आता बाबा मेले. मामानं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले. बाबा मारत राहिले. मग दमले. मामा रक्त थुंकून म्हणाला,

‘राग आला की माह्याकडे येत जाय. मी घरीच असतो. मी हात नाई उचलनार. पन तिले नको मारू.’

आणि बाबा खरंच जात राहिले. ही गोष्ट ऐकणाऱ्याला खोटी वाटते, पण गल्लीनं पाहिलेली आहे. घरी काहीतरी बिनसायचं, बाबांचा हात पट्ट्याकडे जायचा, आई मार खायला मान खाली घालायची आणि मग बाबा चपला घालून बाहेर पडायचे. दुसऱ्या दिवशी मामा एक डोळा मिटलेला घेऊन शिडीवर दिसायचा. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलं. ज्यानं स्कूटरवर बादली ओतली तो हाच का?

आईनं एकदा माझ्या हाती हळदीचा लेप पाठवला. तेव्हा मी मामाचं दार पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याच्या दारावरही कोहळं होतं. पसरट नाक, तुटकी भुवई. त्याचंच तोंड. मी विचारायच्या आधी तोच बोलला. त्याची बायको बाळापूरला माहेरी होती, कितीतरी वर्षं. भांडणात यानं तिच्या कानातली बाळी ओढली होती, बाळी कानाची पाळी फाडून हातात आली. ‘पयलं कोहळं मी माह्याच दारावर टांगलं. ती गेल्यावर. पयले टांगाले पाह्यजे होतं.’ बोलताना तो गालाला लेप लावत होता. मला तेव्हा त्याची कीव आली नाही, भीती वाटली. कीव नंतर आली.

एका संध्याकाळी बाबा असेच तावातावानं गेले. मीही मागे गेले. मामा ओट्यावर बसलेला, गाल सुजलेला, हात पाठीमागे नेऊन तयार. बाबांनी मूठ उगारली, मग दारावरचं ते तोंड पाहिलं, मग खालचं सुजलेलं तोंड. त्यांची मूठ सुटली. मग खाली बसले. मामानं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. दिवे लागेपर्यंत दोघं तसेच बसून होते.

बाबा काही संत झाले नाहीत. ताट फेकायचे, तोंड सोडायचे. पण आईवर हात पुन्हा पडला नाही. पुढच्या वर्षापासून आमच्या दारासाठी भुरं कोहळं बाबाच बाजारातून आणून मामाला देऊ लागले आणि मामा दरवर्षी त्यावर तेच तोंड, तोच तीळ काढत राहिला. बाबांना मी माफ केलं का, असं आई कधीकधी विचारते. नाही केलं. पण अमरावतीला माझ्या सासरच्या दारावर मी मामाचंच कोहळं नेऊन लावायचे, आणि त्यावर कोणाचं तोंड काढायचं हे ठरवायला तो एकदा बसनं येऊन माझ्या हातचा चहा पिऊन गेला होता.

गेल्या वर्षी दसरा झाला आणि मामा गेला. झोपेतच गेला, एवढ्या मारामारीच्या माणसाला असं शांत मरण. मी अमरावतीहून पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. उचलणार, एवढ्यात बाळापूरहून एक म्हातारी आली. अंगानं बारीक, पांढरे केस, आणि डाव्या कानाची पाळी खालून दुभंगलेली. तिनं मामाकडे पाहिलं नाही. ती दारावरच्या कोहळ्याकडे पाहत राहिली. ‘हे तोंड कोनं काढलं?’ तिनं विचारलं. आई म्हणाली, ‘त्यायनंच. दर साली काढत.’

म्हातारीनं कोयता मागितला. सरांनी कोहळं उतरवून उंबऱ्यावर ठेवलं आणि कोयता घेऊन बाबा पुढे झाले. पहिला घाव पुरुषाचा, ही सवय. तिनं बाबांच्या हातातून कोयता काढून घेतला. तिनं दोन्ही हातांनी कोयता डोक्याच्या वर नेला आणि त्या तोंडाच्या मधोमध घातला. कोहळ्याच्या दोन फाका झाल्या, पाणी आणि बिया आमच्या पायांवर उडाल्या. ती तिथंच बसली आणि हंबरडा फोडून रडली. खूप वेळ रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली,

‘आता न्या त्यायले.’

पुढचा खांदा बाबांनी दिला.